बालांवाखालचा दिवा

चोपडे, पेडणे
२० जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
विमलाचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही फोन फक्त गॅसवाला आणि डॉक्टर यांच्यासाठी ठेवला आहे, म्हणून पत्र लिहीत आहे. ह्यांचा नवा गुडघा चांगला बसला. बेळगावला सुविधाच्या घरी ओसरीवर काठी घेऊन चालतात आणि जावयाला, म्हणजे नितीनला, चालायचं कसं ते शिकवतात. मी तिथून परत आले. गाय शेजारच्या सोनालीवर किती दिवस टाकणार? मळ्यातल्या मिरच्यांनाही पाणी हवंच.

आता मुद्द्यावर येते, नाहीतर तुम्ही पत्राला लाल रेघ माराल.

कॉफीचा बालांव फुटला. माझ्या हातून फुटला.

ह्यांच्या मागे घर स्वच्छ करावं म्हणून काचेचं कपाट उघडलं. बालांवाच्या दोन्ही काचेच्या गोळ्यांवर धूळ बसली होती. मला हात लावायची परवानगी नाही हे ठाऊक आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी सांगितलं होतं, "बालांव पुरुषांनी लावायचा. आपण कॉफीने भरलेले कोप न्यायचे आणि धुवायचे." पण वाटलं, पितळी स्टँड चिंचेने घासून ठेवला तर ह्यांना बरं वाटेल. वरचा गोळा काढून मेजावर ठेवला. खालचा उचलला, तर तो हातातल्या हातात दोन तुकडे झाला. खाली पडला नाही, आपटला नाही. कडेला काहीतरी चिकट लागलं, जुनी कॉफी असेल.

वन्सं, मामंजींनी पणजीहून आणलेली वस्तू! दर रविवारी ह्यांनी दिवा लावला, पाणी वर चढलं आणि कॉफी होऊन खाली उतरली की अंगणातली माणसं नाटकाला आल्यासारखी "आहा" करतात. येत्या २३ फेब्रुवारीला, रविवारीच, ह्यांना पंचाहत्तर पुरी होतात. वाड्यावरची सगळी घरं येणार. आदल्या दिवशी हे येतील आणि पहिल्यांदा कपाट उघडतील.

मी देवळात जाऊन कौल घेतला. "बालांव मी फोडला असं ह्यांच्याजवळ कबूल करू काय?" असं विचारलं. भटजींनी देवीच्या अंगाला पाकळ्या लावल्या. डावी पडली, म्हणजे नको. म्हणून सांगितलेलं नाही. पण मग करू काय? तसाच दुसरा बालांव कुठे मिळतो का, एवढं तुम्ही बघाल का?

तुमची,
विमला

---

मये, डिचोली
२३ जानेवारी २०२५

चि. विमला हिला आशीर्वाद.

पत्र मिळाले. रडण्याचे वाक्य एकही नाही, हे आवडले.

पहिली गोष्ट. काचेच्या भांड्यासाठी देवीला कामाला लावू नये. तिच्यापुढे गावाची गाऱ्हाणी आहेत.

दुसरी गोष्ट. न आपटता, न पडता काच हातात दोन तुकडे होत नाही. मी अठ्ठावीस वर्षे मुलींना भौतिकशास्त्र शिकवले. तू काहीतरी विसरते आहेस किंवा काहीतरी तुला माहीत नाही. असो.

तिसरी गोष्ट, कामाची. तुकडे फेकू नको. खालच्या गोळ्याच्या तोंडाला दोरा गुंडाळून माप घे आणि तो दोरा पाकिटात घालून पाठव. स्टँडच्या कड्याचाही दोरा पाठव. दोन्ही दोऱ्यांना चिठ्ठी बांध, नाहीतर कुठला कुठला ते मला कळायचे नाही.

म्हापशाला प्रयोगशाळेच्या काचसामानाचे एक दुकान आहे. तिथे बघते. तोवर कपाटाला कुलूप घाल आणि कोणाला सांगू नको. सोनालीला तर नाहीच. तिला सांगितले की तिच्या नवऱ्याला, सर्वेशला कळते, आणि सर्वेशला कळले की होडीवाल्यांनाही कळते.

सुमंगला

---

बेळगाव
२५ जानेवारी २०२५

प्रिय अक्का,

डॉक्टर म्हणतो, नवा गुडघा वीस वर्षं टिकेल. मी म्हटलं, मीही टिकायला हवा ना! सुविधा रोज नाचणीची आंबील देते. नितीन सकाळी फिरवून आणतो आणि इथल्या माणसांना सांगतो, "आमचे सासरे गोव्याचे." मग ती माणसं माझ्याकडे बघून वेगळंच हसतात. आयुष्यात बाटलीला हात न लावलेला मी!

अक्का, हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

बालांव फुटला आहे. मी फोडला. इकडे यायच्या आदल्या पहाटे एकट्यानेच एक शेवटची कॉफी करावी म्हणून लावला. विमला गोठ्यात होती. बाबा नेहमी सांगायचे, गोळा बाहेरून कोरडा पुसून मगच दिवा लावायचा. मी पेपर वाचत होतो, विसरलो. टक् असा आवाज झाला आणि खालचा गोळा मधोमध फुटला. मी डिंकाने चिकटवला आणि भेग भिंतीकडे करून कपाटात ठेवला. विमला त्याला हात लावत नाही, त्यामुळे अजून सुरक्षित आहे.

तिला कळता कामा नये. चाळीस वर्षांहून जास्त काळ तिला लांब ठेवलं, का तर हाताळताना फुटेल. आता कुठल्या तोंडाने सांगू? माझ्या पंचाहत्तरीच्या दिवशी सगळ्या वाड्यासमोर ती काय म्हणेल? काही म्हणणार नाही, तीच तर भीती आहे.

गुडघा बदलून मिळाला. बालांव बदलून मिळेल का? तू ठरवलंस की होतं. मी २२ तारखेला घरी येईन.

तुझा भाऊ,
गुरुदास

---

मये
२९ जानेवारी २०२५

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

तुझे पत्र फाडलेले नाही. शिक्षिकेने उत्तरपत्रिका फाडायच्या नसतात.

ओल्या काचेखाली दिवा लावणाऱ्याला मी नववीतसुद्धा वर ढकलले नसते. बाबा तुला शिकवत होते तेव्हा मी दारात उभी राहून ऐकत होते आणि माझ्या ते ध्यानात राहिले.

बालांवाचे मी बघते. तू गुडघ्याचे बघ. विमलाला मी काही सांगणार नाही. तूही फोनवर "कपाट कसं आहे" असले प्रश्न तिला विचारू नको. तू लहानपणीही चोरी केलीस की आधी त्याच खोलीत जाऊन उभा राहायचास.

सुमंगला

---

मये
३ फेब्रुवारी २०२५

चि. विमला हिला आशीर्वाद.

दोरे मिळाले. चिठ्ठ्या व्यवस्थित बांधल्या आहेत.

म्हापशाच्या दुकानात गोल बुडाचे चंबू ढीगभर आहेत, पण एकाचेही तोंड आपल्या मापाचे नाही. दुकानदार म्हणाला, "बाई, रबर लावून बसवा." मी म्हटले, उकळत्या पाण्यावर रबर बसवून माणसे बोलवायची आणि कॉफीऐवजी रबराचा वास द्यायचा, हा सल्ला स्वतःच्या घरी दे.

आमच्या शेजारच्या सेजलने मोबाइलवर बालांवाची चित्रे दाखवली. जपानी आहेत. नाजूक, बाहुलीच्या भातुकलीतले असावेत तसे. पण त्यातच तिला हरमलच्या एका कॉफीच्या दुकानाचा फोटो सापडला. मेजावर एक बालांव, आणि आपल्या बालांवाएवढाच मोठा.

मी गेले. बस तुझ्या घरावरून गेली. मी उतरले नाही. उतरले असते तर तू जेवायला बसवले असतेस आणि काम राहिले असते.

दुकान समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. आत चार-पाच परदेशी माणसे मांडी घालून बसली होती आणि बालांवात पाणी चढताना तोंड उघडे ठेवून बघत होती. आपल्या अंगणात दर रविवारी फुकट होते तेच! मी छत्री टेकून मेजाशी उभी राहिले आणि दोरा काढून त्यांच्या गोळ्याचे माप घेऊ लागले. मालकीण धावत आली.

"आजी, फूड इन्स्पेक्टर काय तुम्ही?"

"इन्स्पेक्टर दोरा घेऊन येतो का?"

"मग किते जाय?"

"हे भांडे हवे आहे. कॉफी नको."

ती हसत सुटली. नाव गौरवी, पेडण्याचीच. हुशार आहे आणि उगाच गोड बोलत नाही. तिच्याकडे काचेचे गोळे जोडीने येतात, कारण गिऱ्हाइके फोडतात. दोरा बरोबर बसला. वरचा-खालचा असे दोन्ही नवे गोळे आपल्या जुन्या पितळी स्टँडवर बसतील. मी पैसे काढले तर म्हणाली, "आजी, असा देत नाही. जो वापरणार त्याने इथे येऊन शिकायचं, मग न्यायचा. नाहीतर पहिल्याच दिवशी फोडतात आणि काच वाईट म्हणून माझ्याशी भांडायला येतात."

मी म्हटले, वापरणारी येईल.

तर बुधवारी सकाळी स्टँड कापडात गुंडाळून हरमलला जा. गुरुदास वापरणार आहे, तुला काय करायचे, असे लिहू नको. न तपासलेले सामान मी कोणाच्या घरात जाऊ देत नाही. तपासणार तू.

सुमंगला

---

चोपडे
६ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस नमस्कार.

गेले. आणि परत आले ती गोळ्यांची पेटी मांडीवर धरून. बसमध्ये शेजारची बाई म्हणाली, "नातू काय?" मी म्हटलं, "होय, जपून बसा."

मी गौरवीला आधीच सांगितलं, मला काही येत नाही, घरात आम्ही हात लावत नाही. ती म्हणाली, "काकी, घरात तुम्ही भात करता, मासे साफ करून निस्त्यांची आमटी करता, त्याहून हे कठीण नाही." गोळा आधी कापडाने कोरडा पुसायला लावला. पाणी घातलं. मी दिवा लावला. वन्सं, पाणी वर चढायला लागलं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले! गौरवी म्हणते, "काकी, भियेतात कित्याक? पळयात, बघा तरी!" मग कॉफी घातली, ढवळली, दिवा काढला. थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं, बिघडली. आणि मग एकदम सगळी कॉफी खाली उतरली आणि शेवटी गुडगुड असा आवाज आला, लहान मूल दूध पिऊन ढेकर देतं ना, तसा.

हे सगळं मी इतकी वर्षं दारातून बघितलं, हातात ट्रे घेऊन. दारातून तो गुडगुड आवाज ऐकू येत नाही, हे मला काल कळलं.

एक प्रश्न आहे. पाणी वर चढतं कशामुळे? गौरवीने सांगितलं, पण ती घाईत होती.

विमला

---

मये
९ फेब्रुवारी २०२५

चि. विमला हिला आशीर्वाद.

खालच्या गोळ्यात वाफ होते. वाफेला जागा हवी असते, म्हणून ती पाण्याला नळीतून वर ढकलते. दिवा काढला की वाफ निवते, तिची जागा रिकामी होते आणि वरची कॉफी तिथे खेचली जाते. दारात उभ्या असलेल्या माणसालाही हे समजते. मला वयाच्या अकराव्या वर्षी समजले होते. बाबांना मी ते सांगितले तेव्हा ते म्हणाले, "हुशार आहेस. जा, कोप घेऊन ये." पुढे मी कॉलेजात तोच विषय घेतला, पण बालांवाखाली दिवा लावला नाही.

एकदा केलेली कॉफी म्हणजे तपासणी नव्हे. रोज करून बघ.

सुमंगला

---

चोपडे
१४ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुम्ही सांगितलंत म्हणून रोज करते. तुम्ही सांगितलं नसतं तरी केली असती, हे आताच कबूल करते, कारण तुम्हाला पुढे-मागे कळणारच.

सोनालीला पहिल्याच दिवशी कळलं. मी सांगितलं नाही, वासाने सांगितलं. आता दुपारी चार वाजता ती येते, तिची सासू येते, पलीकडच्या दोघी येतात. पाववाल्या पदेराची सायकल पूर्वी आमच्या दारावरून पोंय पोंय करत पुढे जायची, आता थांबते. त्याच्याकडचे गरम उंडे आम्ही कॉफीत बुडवून खातो. सोनालीची सासू काल म्हणाली, "विमला, गुरुदासाची कॉफी मोठ्या माणसांची. तुझी पिण्याची." मी जायफळ किसून घालते, कणभरच. ह्यांनी कधी घातलं नाही.

पण वन्सं, आता दिवस मोजते. बावीस तारीख जवळ आली. जुना गोळा फुटला हे ह्यांना कळणार नाही, नवे तसेच दिसतात. हे येतील, कपाट उघडतील, रविवारी दिवा लावतील, आणि मी पुन्हा ट्रे घेऊन दारात. आधी वाटत होतं, बालांव मिळाला की झालं. आता तो पुसून परत कपाटात ठेवायला माझा हात होत नाही.

हे लिहिलं ते चुकलं असेल तर लाल रेघ मारा.

विमला

---

बेळगाव
१५ फेब्रुवारी २०२५

प्रिय अक्का,

तू बालांवाचं काही कळवलं नाहीस. इथे मला झोप नाही. डॉक्टरला वाटतं गुडघा दुखतो.

काल सर्वेशचा फोन आला. म्हणाला, "गुरुदासबाब, तुमच्या घरातून रोज कॉफीचा वास येतो." अक्का, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारी विमला माझ्या आठवणीने टोपात कॉफी उकळून पीत असेल! मी किती वर्षं तिला एक कोप करून देण्याऐवजी ट्रे दिला. मी आलो की पहिली कॉफी तिला देणार. पण कशात देणार, ते तूच सांग!

गुरुदास

---

मये
१८ फेब्रुवारी २०२५

चि. गुरुदास यास आशीर्वाद.

बालांव मिळाला. काळजी सोड.

घरी पोचल्यावर कपाटाची किल्ली मागू नको. रविवारी अंगणात खुर्चीवर बस, समोर जे येईल ते बघ आणि हातात जो कोप दिला जाईल तो काही न विचारता पी.

मी रविवारी येत नाही. मी आले की तुम्ही दोघे एकमेकांशी न बोलता माझ्याकडे बघून बोलता. पंचाहत्तरीच्या दिवशी तरी ही सवय मोडावी.

सुमंगला

(याच टपालाने विमलाला चार ओळी लिहिल्या आहेत. रेघ मारलेली नाही.)

---

चोपडे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस नमस्कार.

तुम्ही! तुम्हाला दोन्हीकडचं सगळं ठाऊक होतं!

आधी काय झालं ते सांगते. तुमच्या चार ओळींत लिहिलं होतं, "रविवारी मेजावर बालांव ठेव आणि दिवा तू लाव. पुढचे पुढे." शनिवारी संध्याकाळी हे आले. कपाटाकडे बघायचे आणि मान वळवायचे. मीही तेच करत होते. सुविधा म्हणाली, "तुम्हा दोघांच्या माना आखडल्यात काय?"

काल सकाळी सगळा वाडा जमला. ह्यांना हार घातला, पेढे झाले. मग मी मेज अंगणात मांडलं आणि बालांव आणून ठेवला. हे खुर्चीत बसले होते, पांढरेफटक पडले. मी गोळा पुसला, पाणी घातलं, काडी ओढली. तर हे काठी न घेता ताडकन उभे राहिले!

"विमला! दिवा लावू नको! तो गोळा फुटलेला आहे!"

माझ्या हातात जळती काडी.

"तुम्हाला कोणी सांगितलं? वन्संनी?" मी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? मीच फोडला तो! नवा अजून अक्काकडे असेल!"

"काय बोलता? फोडला मी, हा नवा आहे!"

"तू कशी फोडशील? मी फोडला, बेळगावला जायच्या आदल्या दिवशी. डिंक लावून ठेवला होता!"

"डिंक! म्हणजे ते चिकट..."

"तू हात लावलास?"

"लावला! आणि तुम्ही लपवून ठेवलात?"

"तू नाही लपवलंस?"

सर्वेश मधेच उठला. "अरे, एक बालांव दोन माणसांनी दोनदा फोडला कसा?" सोनालीची सासू म्हणाली, "भांडा, भांडा, पण काडी टाक, बोट भाजेल." नितीन हसून हसून तुळशीच्या कठड्याला टेकला. सुविधा म्हणाली, "आत्तेने दोघांनाही खेळवलं!" आणि मग वन्सं, हे हसायला लागले. मी ह्यांना असं हसताना सुविधाच्या बारशाला बघितलं होतं, त्यानंतर काल. डोळे पुसत म्हणाले, "लाव गे, लाव दिवा. बघू तरी."

मी दुसरी काडी ओढली. पाणी चढलं. हे वाकून बघत होते आणि तोंडातल्या तोंडात "आता काढ, आता काढ" करत होते. मी काढला नाही. माझा वेळ मला ठाऊक आहे. मग काढला. गुडगुड झालं. सगळ्यांनी "आहा" केलं, आणि ते माझ्यासाठी होतं.

पहिला कोप ह्यांना दिला. एक घोट घेतला.

"जायफळ घातलंस?"

"घातलं."

"बाबांनी कधी घातलं नव्हतं."

"त्यांना कोणी सुचवलं नसेल. सुचवणारे सगळे कोप आणायला गेले होते."

ह्यांनी कोप रिकामा केला. दुसरा कोप मागितला. तो संपवून म्हणाले, "पुढच्या रविवारी तूच कर. डॉक्टरने मला चालायला सांगितलंय. ट्रे मी फिरवतो." आणि वन्सं, काल रात्री सगळे कोप ह्यांनी धुतले. दोन फुटले. मी झाडू आणून दिला.

आणखी एक. मी देवीला विचारलं होतं, "बालांव मी फोडला असं कबूल करू काय?" देवीने नको म्हटलं. बरोबरच ना! मी फोडलाच नव्हता.

विमला

ता. क. अक्का, विमलाने एवढी जागा मला दिली आहे. गुडघा उत्तम. ट्रे जड असतो हे मला ठाऊक नव्हतं. गुरुदास.

---

मये
२७ फेब्रुवारी २०२५

चि. विमला आणि चि. गुरुदास यांस आशीर्वाद.

देवीबद्दल लिहिलेले वाक्य मागे घेते. तिला काच कळते.

मी दोघांनाही काही खोटे सांगितलेले नाही. तुमची पत्रे माझ्याकडे आहेत, तपासून बघावीत. एकमेकांना विचारले असते तर पंधरा पैशांचाही टपालखर्च आला नसता. पण मग बालांव कपाटातच राहिला असता, म्हणून मी घाई केली नाही.

गुरुदास, कोप धुताना खाली कापड अंथर. हे तुला पंचाहत्तराव्या वर्षी सांगावे लागते.

विमला, येत्या रविवारी मी सकाळच्या बसने येते. या वेळी घरावरून पुढे जाणार नाही, उतरणार आहे. माझ्यासाठी कॉफीचे माप धर. गोळा तू पूस, पाणी तू घाल, जायफळही तुझ्याच हिशेबाने घाल. गुरुदासने ट्रे घेऊन दारात उभे राहावे.

पण कोणीही घाई करून दिवा लावू नये. मी येईपर्यंत थांबायचे. काडेपेटी माझ्या पिशवीत आत्ताच ठेवली आहे.

सुमंगला